उजनी धरणासाठी पहिली केबिनवाली बोट कोणती घ्यावी?
सोलापुरातून गाडीमागे ट्रेलरवर न्यायची छोटी केबिनची बोट घेताना लांबीआधी वजन बघा. बोट, इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून भरणारं वजन तुमच्या गाडीच्या ओढण्याच्या मर्यादेत हवं. पहिल्या बोटीला १६-१८ फूट पुरे. तळ उथळ पाण्यात चालणारा घ्या, कारण उन्हाळ्यात उजनी फार आटते, काठाला गाळ उरतो आणि ट्रेलर त्यात रुततो. उंच केबिन मात्र नकोच, ती वारा धरते. मे २०२४ मध्ये उजनीतच कुगाव-कळाशी या काठच्या गावांदरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. म्हणून लाइफ जॅकेट अंगात हवंच, आभाळ भरून आलं की लगेच काठ गाठा. सौदा ठरण्याआधी नोंदणीची कागदपत्रं तपासा.