सॅपर आजोबांचा स्मृतिलेख

प्रश्न : माझे आजोबा 1945 मध्ये खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, भरती झाले आणि पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर सुभेदार म्हणून निवृत्त होऊन गावी परतले. 1972 च्या दुष्काळात आमच्या पाझर तलावाची आखणी करताना त्यांनी पुढाकार घेतला, तेव्हापासून गाव त्यांना ‘इंजिनिअर’ म्हणू लागले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त लेख लिहिण्याचे काम घरच्यांनी माझ्यावर सोपवले आहे. परंतु युद्धाबद्दल ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. काही पदके आणि एक डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची पुस्तिका) एवढाच ऐवज घरात आहे. युद्धाचा भाग कसा भरून काढावा, आणि पदवी नसताना त्यांना इंजिनिअर म्हणावे का? — एक नात

उत्तर : युद्धाचा भाग भरून काढू नका, शोधा. आपल्या हाती आहे त्या ऐवजातून आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच कळते. पदकांच्या कडा भिंगातून पाहा. भारतीय पदकांच्या कडेवर बहुधा सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. सामान्य सेवा पदक 1947 असेल आणि त्याच्या फितीवर ‘जम्मू आणि काश्मीर’ अशी पट्टी असेल, तर आजोबा 1947-48 च्या त्या मोहिमेत होते. 1965 च्या युद्धानंतर रक्षा पदक पुष्कळांना मिळाले, समर सेवा स्टार मात्र प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांसाठी होता, त्यामुळे तो आहे की नाही हे आधी पाहावे. 1971 चा ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘पश्चिमी स्टार’ निघाला, तर निवृत्तीनंतर त्यांना परत बोलावले होते का, याची चौकशी करावी. डिस्चार्ज बुकातील क्रमांक घेऊन खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहावे. पत्र कसे लिहावे हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात समजावून सांगतात.

एवढे करूनही त्यांनी अमुक दिवशी नेमके काय केले, हे कदाचित कळणार नाही. अशा वेळी त्यांच्या पदरी काल्पनिक पराक्रम घालण्यापेक्षा सॅपरचे काम म्हणजे काय, हे वाचकाला दाखवावे, आणि त्यासाठी मेजर रामा राघोबा राणे यांच्याइतके चांगले उदाहरण नाही. कारवारजवळच्या चेंडियाचे राणे 1940 मध्ये याच बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून दाखल झाले होते. 8 एप्रिल 1948 रोजी जम्मू-काश्मीरमध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या फौजेच्या वाटेवर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडे आडवी पाडली होती आणि मोऱ्या उडवल्या होत्या. तेव्हा सेकंड लेफ्टनंट असलेले राणे पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांनी जखमी झाले, तरीही ते आपल्या तुकडीसह सुरुंग काढत राहिले. सर्वांत पुढच्या रणगाड्याखाली शिरून, दोरीने चालकाला खूण करत ते त्याच्यासोबत सरपटत गेले. 12 एप्रिलला राजौरी हाती आली. परमवीर चक्राच्या 21 मानकऱ्यांपैकी 14 जणांना ते मरणोत्तर मिळाले. राणे उरलेल्या सातांतले. या पराक्रमात गोळी झाडण्यापेक्षा मोठा वाटा जमीन वाचण्याचा होता, आणि माझ्या मते आपल्या लेखाचा धागा तिथेच आहे. कुठे खणायचे, कुठे भराव टिकेल, पाणी कुठून वाट काढेल, ही नजर आजोबांना पलटणीत मिळाली आणि तलावाच्या आखणीत उपयोगी पडली. आजोबा राणे यांच्या तुकडीत होते असे मात्र पुराव्याशिवाय सुचवूही नका. शताब्दीच्या लेखांत ही चूक सर्रास होते.

पदवीचे म्हणाल, तर ‘सुभेदार, बॉम्बे सॅपर्स’ एवढे लिहावे आणि ‘गाव त्यांना इंजिनिअर म्हणे’ हे वाक्य जसेच्या तसे पुढे ठेवावे.

तलावावर मात्र सढळ हाताने लिहा, कारण त्याचे साक्षीदार अजून भेटतील. पाझर तलावाला कालवा नसतो. अडवलेले पाणी मुरून खालच्या अंगाच्या विहिरींना उतरावे, एवढ्यासाठीच तो बांधतात. त्या विहिरींच्या मालकांकडे जाऊन तलावापूर्वी पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकत असे आणि नंतर किती टिकू लागले, हे विचारून लिहून घ्या. सांडव्याची जागा कुणी ठरवली, त्यावरून वाद झाला होता का, आजोबा कुणाचे ऐकत आणि कुणावर चिडत, हेही विचारा. रेकॉर्ड ऑफिसचे उत्तर यायला वेळ लागेल. तोवर ही कामे उरकून घ्यावीत, कारण त्या दुष्काळात पाटी उचलणारी माणसे आता सत्तरी ओलांडलेली आहेत.