लिनक्स की विंडोज सर्व्हर: बाजारात पुढे कोण, आणि आधी शिकायचं काय?

तुम्ही विचारलंय की सर्व्हरच्या बाजारात पहिला नंबर फुकटच्या लिनक्सचा की विकतच्या विंडोज सर्व्हरचा, आणि लातुरात बीसीए करताना आधी काय शिकावं. मी जालन्यात सर्व्हर सांभाळायचं काम करतो. गिऱ्हाईकं बहुतेक स्टीलवाले, बियाणेवाले आणि पतसंस्था.

पहिला नंबर कोणाचा, हे काय मोजता त्यावर आहे. विक्रीचा पैसा मोजला तर मायक्रोसॉफ्टचं पारडं वर्षानुवर्षं जड दिसलं, कारण डेबियन (लिनक्सचा एक फुकट मिळणारा प्रकार) उतरवून घेणाऱ्याचं बिलच फाटत नाही. घरी प्यायलेलं दूध डेअरीच्या वहीत चढत नाही, तसंच. चालू मशीन मोजली की आकडा फिरतो. बहुसंख्य वेबसाइट लिनक्सवर चालतात, जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून झाडून सगळे लिनक्सवर आहेत, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर क्लाउडमध्येही निम्म्याहून जास्त भार लिनक्सचाच.

पण लिनक्स म्हणजे फुकट, अशी सरळ वाटणी करू नका. रेड हॅट ही कंपनी लिनक्सवरच पैसे कमावते, सपोर्टचे. ती कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली. तिच्याच सोर्स कोडवरून बनणारं सेंटओएस नावाचं लिनक्स फुकट मिळायचं. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ संपताच ते बंद. त्या धावपळीतून, सेंटओएसची जागा घ्यायला, अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आले. तेव्हापासून किमतीच्या आधी मी मागे कोण उभं आहे ते बघतो. डेबियन एका कंपनीच्या हातात नाही, म्हणून माझा कल तिकडे.

आता आपल्याकडचं. मोंढ्यातली अडत असो की मिलचं ऑफिस, सर्व्हर म्हणजे हिशेबाचं टॅली, आणि टॅली म्हणजे विंडोज. दहा जणांना रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपापल्या मशीनवरून सर्व्हरचा स्क्रीन उघडून, त्यावर बसवायचं तर सर्व्हरचं लायसन्स प्रोसेसरच्या कोरच्या हिशेबाने, कमीत कमी १६ कोरचं. त्यावर माणशी कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचा परवाना. आणि रिमोट डेस्कटॉपचं कॅल आणखी निराळं. हे शेवटचं बऱ्याच कोटेशनमध्ये नसतंच. पहिले १२० दिवस ते नसलं तरी चालतं, सगळं सुरळीत. मग एका सकाळी कोणाचंच लॉगिन होत नाही आणि मुनीमजींचे फोनवर फोन सुरू. दुकानदाराला हा खर्च पहिल्याच दिवशी कळायला हवा, यावर मी अडून बसतो. त्याच ऑफिसात फाइल शेअरिंग आणि बॅकअपला मात्र डेबियनवर सांबा बसवतो; त्याने विंडोजच्या मशीनना लिनक्सवरच्या फाइल दिसतात. जुनं मशीन पुरतं, लायसन्सचा एक रुपया नाही.

शिकायला आधी लिनक्स घ्या. पुणे-हैदराबादची क्लाउडची कामं त्याशिवाय होत नाहीत. मग विंडोज सर्व्हर, विशेषतः अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांची लॉगिन आणि परवानग्या एका जागी सांभाळणारी सोय. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत राहायचं असेल तर ती यायलाच हवी. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (एका मशीनमध्ये दुसरं आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून दोन्ही जमतं. डेबियन डेस्कटॉपशिवाय बसवा, काळ्या स्क्रीनवरच कमांड देऊन एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन करायची सोय) आणि सांबा चालू करा. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट १८० दिवस फुकट देते, म्हणजे एका सेमिस्टरला पुरून उरते. क्रॅक शोधत बसू नका.