वाचकांचे प्रश्न : सातपुड्याच्या पायथ्याची खडी

प्रश्न : मी मूळचा अमळनेरचा, नोकरीला पुण्यात, वय २६. यंदा ग्रॅव्हल बाइक (खडीच्या, कच्च्या रस्त्यांवर चालणारी सायकल) घेतली. दिवाळीत तीन दिवस मोकळे आहेत. पहिल्या दिवशी तोरणमाळ आणि मग सातपुड्यातल्या कच्च्या रस्त्यांनी थेट पालपर्यंत, असा मार्ग मोबाइलवर आखलाय. त्यातला एक तुकडा यावल अभयारण्यातून जातो. जमेल का?

उत्तर : नाही जमणार, आणि जमवायच्या भरीलाही पडू नकोस. (वय लिहिलंस म्हणून ‘तू’ म्हणते. चोपड्यात २९ वर्षं भूगोल शिकवला, तुझ्याहून मोठे विद्यार्थी आहेत माझे.)

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यात, पाल रावेर तालुक्यात. मधे अख्खा खानदेश आडवा पडलाय. नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यावरून बोट फिरवलं की रस्ता सोपा वाटतो. पण गोमाई, अनेर, गूळ, मोर, सुकी या सगळ्या नद्या उत्तरेकडून उतरून तापीला मिळतात. डोंगरातून पूर्व-पश्चिम जायचं म्हणजे एकेका नदीचं खोरं उतरायचं आणि पुन्हा चढायचं. मोबाइल अंतर सांगतो, ही चढ-उतार अंगावर येते तेव्हाच कळते.

तू डोंगरात नको, डोंगराच्या पायथ्याने जा. तुझ्या सायकलीच्या नावात जी खडी आहे, ती आपल्याकडे निसर्गानेच अंथरलेली आहे. सातपुड्याची दक्षिण बाजू कड्यासारखी एकदम खाली येते. नद्या डोंगरातून धावत सुटतात आणि पायथ्याला उतार कमी झाला की हातातलं ओझं तिथेच टाकतात. आधी मोठे गोटे, मग खडी, मग वाळू. चोपडा, यावल, रावेर या तीनही तालुक्यांत डोंगराला लागून असा पट्टा आहे. भूगोलात त्याला बझाडा म्हणतात. पाणी त्यात झरझर मुरतं, म्हणून पावसानंतरही तिथली गाडवाट लवकर वाळते. आणखी खाली तापीकडे गेलास की काळी माती सुरू. तो फरक चाकाला पहिल्या शंभर पावलांत समजतो.

मला तो फार महागात समजला. ऑक्टोबरची अखेर होती, तापीकाठच्या शिवारातून शॉर्टकट घेतला आणि परतीच्या पावसाची एक सर आली, जेमतेम वीस मिनिटांची. काळ्या मातीचा गारा टायर आणि फ्रेमच्या मधे असा गच्च बसला, की चाक फिरेना. मी जोर लावून पेडल मारलं आणि मागचा गिअर धरणारा हँगर तुटून स्पोक्समध्ये गेला. सायकल खांद्यावर घेऊन बांधाबांधाने निघाले. कापूस वेचणाऱ्या एका बाईने विचारलं, “कथा चालनी ताई?” (अहिराणीत, कुठे चाललीस?) आणि उत्तराची वाट न बघता विळा घेऊन चाकावरची माती खरवडायला बसली. तेव्हापासून माझ्या पिशवीत हँगर जास्तीचा असतो आणि एक लाकडी पट्टी असते. तूही दोन्ही घे. हँगर तुझ्याच मॉडेलचा हवा, दुसरा बसत नाही, म्हणून पुण्यातूनच आण. पाऊस झाला असेल तर काळ्या मातीच्या वाटेला दोन दिवस जाऊ नकोस. वाळल्यावर बैलगाडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या होतात. त्यात पुढचं चाक अडकलं तर वळवायला बघू नकोस, वेग कमी करून चाकोरी जाईल तिकडे जा आणि उथळ जागी बाहेर पड.

आता मार्ग. अमळनेरहून तापी ओलांडून चोपडा, तिथून अडावद. एवढं डांबरीच धर, पहाटे पाय मोकळे होतात. अडावदहून उत्तरेला उनपदेव. तिथले गरम पाण्याचे झरे बघच, कारण तू ज्या रेषेवरून सायकल चालवणार आहेस तिचाच तो पुरावा. डोंगर आणि तापीचं खोरं यांच्यामधे जमीन भंगलेली आहे, त्या भेगांतून खोलवरचं तापलेलं पाणी वर येतं. मग किनगावच्या अंगाने आडगाव आणि मनुदेवी. मुक्काम यावल किंवा फैजपूर. दुसऱ्या दिवशी सुकी नदीच्या बाजूने वर पालला जा. डोंगरात शिरण्याची हौस तिथे फिटेल, आणि रस्ताही सरळ वाहता आहे. तिसऱ्या दिवशी रावेरला उतर, रेल्वेने भुसावळ आणि तिथून सुरत लाइनने घरी. सायकल लगेजमध्ये बुक करावी लागते, त्यासाठी तासभर आधी पोच.

दोन गावांमधली कच्ची वाट तिथल्या माणसाला विचारून घे. “पुढे नाल्यावर फरशी आहे का, पाणी किती आहे?” एवढं विचारलंस तरी निम्मी वाट सुटते. केळीच्या बागेतून जाणारी वाट बहुधा कुणाच्या तरी मालकीची असते. थांबून हाक मार, मग जा. ठिबकच्या नळ्या आडव्या असतील तर सायकल उचलून पलीकडे ठेव.

अभयारण्याचा तुकडा काढून टाक. यावल अभयारण्य १९६९ पासून संरक्षित आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही. आधी कुणी तिथून गेल्याची रेघ मोबाइलवर दिसली म्हणून ती वाट आपली होत नाही. इथे मी कुणालाही सूट देत नाही, माझ्या विद्यार्थ्यांनाही दिली नाही. परवानगी मिळाली तरी अंधार पडायच्या बऱ्याच आधी बाहेर ये.

तोरणमाळ वेगळ्या खेपेला ठेव, दोन पूर्ण दिवस देऊन. शहादा, म्हसावद, राणीपूर आणि मग सात पायऱ्यांचा घाट. रस्ता डांबरी आहे, पण शहाद्यापासून जवळजवळ हजार मीटर चढायचं असतं. पुढे ४० दातांची चकती आणि मागे ४२ असेल तर सामानासकट गुडघे बोलायला लागतात. मागची चकती पुढचीपेक्षा चांगली मोठी हवी. खरी मजा वर पोचल्यावर आहे : यशवंत तलावाच्या आसपासच्या लाल वाटा, सीताखाई, थंड वारा. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा असते, तेव्हा घाट माणसांनी भरलेला असतो. आणि दिवाळीत तळोद्याच्या बाजूलाही सायकल नको. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंबा ऋषीची यात्रा असते, हजारो लोक पायी डोंगर चढतात. त्या वाटेवर तुलाही पायीच जायला हवं, आणि एकदा जाच.

प्रश्न : शहाद्याच्या आजूबाजूला कच्च्या रस्त्याला लागलो की दर खेपेला पंक्चर. टायर जाड घेतले तरी तेच. काय करू?

उत्तर : काटे कोणते निघतात ते आधी बघा. सराटे असतील तर ते बारीक असतात, पण एका वेळी दहा लागतात. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट (छिद्र बुजवणारं पातळ रसायन), हाच त्यावर इलाज. छिद्र आतूनच बुजतं. आपल्या उन्हात सीलंट लवकर वाळतं, म्हणून डब्यावर लिहिलेल्या मुदतीवर विसंबू नका, हिवाळ्यात दोन महिन्यांनी आणि उन्हाळ्यात महिन्याने चाक कानाशी हलवून बघा. आत डुचमळल्याचा आवाज यायला हवा. वेड्या बाभळीचा काटा मात्र सीलंटलाही दाद देत नाही. शेताच्या कुंपणाला तोडून टाकलेल्या फांद्या दिसल्या की उतरून चाला. हवा ४० मिलिमीटरच्या टायरला, वजन ७०च्या आसपास असेल तर, ३० ते ३५ पीएसआय पुरे. ६० भरून खडीवर गेलात तर हात बधिर होतील आणि टायरची कड कापली जाईल.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. रविवारी एकटी भुसावळहून फैजपूरच्या पुढे डोंगराकडे सायकलवर जाते. नातेवाईक बोलतात. थांबवावं का? (एक आई)

उत्तर : ताई, नातेवाईक बोलतात म्हणून थांबवू नका. मी ४१व्या वर्षी सायकल धरली तेव्हा मलाही ऐकवलं गेलं होतं, आणि त्या बोलण्यात मी उगाच दोन वर्षं घालवली. तुमच्या मुलीची ती दोन वर्षं वाचवा.

काळजी ट्रकची करा. केळीचे ट्रक पहाटे भरून निघतात आणि चालक रात्रभर जागा असतो. तिला उजाडल्यावरच निघू द्या, मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवायला सांगा. कुठल्या गावाहून माघारी वळणार ते निघण्याआधी ठरवा, आणि तिने ते बदलायचं असेल तर फोन करायचा. वाटेतल्या एका चहाच्या टपरीवर तिला दर वेळी थांबू द्या. ओळखीचं एक माणूस त्या रस्त्यावर असणं फार मोलाचं असतं. आणि एका रविवारी तुम्ही एस.टी.ने फैजपूरला जा, भरीत-भाकरी बांधून न्या, दोघी मिळून खा. ती कुठे जाते ते तुम्हाला दिसेल.

प्रश्न : वय ६८. घरी जुनी काळी सायकल आहे, गिअर नाही. अडावदहून उनपदेवला नेता येईल का?

उत्तर : जरूर न्या, काका. निघण्याआधी ब्रेकचे रबर नवे बसवून घ्या. चढ आला की उतरून चाला, आणि उतारावर खडी सुटी दिसली तरी उतराच. त्या सायकलीचे ब्रेक खडीवर चाक धरत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत जा. सकाळच्या थंडीत कुंडाचं पाणी हाताला जास्तच ऊन लागतं.