एनईएफ ठेवावी की डीएनजी करून घ्यावी?

प्रश्न : निकॉन कॅमेऱ्याने कास पठारावर काढलेली फुलांची छायाचित्रे मी एनईएफ (निकॉनची रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली फाइल) स्वरूपात ठेवतो आणि लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये एडिट करतो. नव्या संगणकावर छायाचित्रांचा फोल्डर नेला, तेव्हा एडिटिंग दिसेनासे झाले. सर्व फायली डीएनजी या दुसऱ्या रॉ स्वरूपात बदलून घ्याव्यात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपले एडिटिंग जुन्या संगणकावरील लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या स्वतंत्र फाइलमध्ये असणार, त्यामुळे तो संगणक काढून टाकण्यापूर्वी कॅटलॉग नव्या संगणकावर आणावा. लाइटरूम एनईएफमधील मूळ प्रतिमेला धक्का लावत नाही. आपण उजेड वाढवला किंवा चौकट कापली, तर तेवढी सूचना कॅटलॉगमध्ये नोंदवली जाते. यापुढे छायाचित्रे निवडून कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे प्रत्येक एनईएफशेजारी त्याच नावाची, या सूचना साठवणारी छोटी एक्सएमपी फाइल तयार होईल. ती नोटपॅडमध्ये उघडल्यास एक्स्पोजर, रंगतापमान यांचे आकडे साध्या मजकुरात वाचता येतात. व्हर्च्युअल कॉपी (एकाच छायाचित्राची वेगळ्या एडिटिंगची आवृत्ती) आणि कलेक्शन (छायाचित्रांचे गट) मात्र कॅटलॉगमध्येच राहतात.

अ‍ॅडोबीने २००४ मध्ये आणलेल्या डीएनजीचा आराखडा खुला आहे आणि त्यात या सूचना फाइलच्या पोटातच लिहिता येतात, ही सोय खरोखर मोठी आहे. परंतु एक स्लायडर हलवून सूचना जतन केली, तरी बॅकअपच्या दृष्टीने ती संपूर्ण फाइल बदललेली ठरते आणि अनेक एमबींची नक्कल पुन्हा करावी लागते. एक्सएमपी सहसा काही केबींचीच असते. शिवाय निकॉनचे एनएक्स स्टुडिओ हे सॉफ्टवेअर अशा रूपांतरित फायली उघडत नाही. स्वरूप खुले असले, तरी लाइटरूमच्या सूचनांचा अर्थ प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या परीने लावते, त्यामुळे डार्कटेबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच डीएनजी उघडल्यास तारांकन आणि कीवर्ड मिळतील, पण रंग तसेच दिसतीलच असे नाही.

म्हणून सरसकट रूपांतर करू नये, एनईएफ आणि एक्सएमपी ही जोडी एकत्र ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या लाइटरूमच्या जुन्या आवृत्तीला नव्या कॅमेऱ्याची एनईएफ उघडता येत नसेल, तर अ‍ॅडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरचा आधार जरूर घ्यावा. तेथे लॉसी कॉम्प्रेशनचा (काही माहिती गमावून फाइल लहान करण्याचा) पर्याय निवडू नये आणि मूळ एनईएफ पुसून टाकू नये. जी निवडक छायाचित्रे आज दिसतात तशीच पुढेही दिसायला हवीत, त्यांची एडिटिंगसह पक्की झालेली १६ बिटची टिफ स्वरूपातील प्रत वेगळी काढून ठेवावी.