विश्वासाने की क्रियांनी?

प्रश्न : बायबलच्या नव्या करारातील पत्रांत, मनुष्य नियमशास्त्राच्या (मोशेद्वारे मिळालेल्या आज्ञांच्या) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवाच्या दृष्टीने योग्य, ठरतो, असे पौल रोमकरांस लिहितो, याकोब मात्र केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी ठरतो म्हणतो. दाखला दोघेही यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचाच देतात. मग खरे कोणाचे मानावे?

उत्तर : कोणा एकाला खोटे पाडण्याआधी, अब्राहामाच्या आयुष्यातील कोणत्या प्रसंगाकडे कोण बोट दाखवतो, ते पाहावे. पौलाचा आधार उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा 15वा अध्याय आहे. निपुत्रिक अब्राहामाला देव बाहेर नेऊन तारे मोजायला सांगतो, तुझी संतती अशी होईल असे वचन देतो, आणि अब्राहामाचा विश्वास त्याचे नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. सुंतेची आज्ञा येते ती 17व्या अध्यायात. पौलाच्या युक्तिवादाची सारी मदार या क्रमावर आहे, कारण सुंता न झालेल्या परराष्ट्रीयांनाही (यहुदी नसलेल्यांनाही) देवाच्या प्रजेत विश्वासानेच स्थान मिळते, हे त्याला दाखवायचे आहे. याकोब थेट 22व्या अध्यायाकडे, मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवण्याच्या प्रसंगाकडे वळतो आणि 15व्या अध्यायातील विश्वासाविषयीचे तेच शास्त्रवचन तेथे पूर्ण झाले, असे म्हणतो.

शिवाय दोघांचे प्रतिपक्षीही निराळे आहेत. उघड्या, उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' एवढे बोलून वाटेला लावणारा माणूस याकोबाच्या समोर आहे. देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे तो त्याला सुनावतो. पौलही असल्या कोरड्या होकाराला विश्वास म्हणत नाही. गलतीकरांस लिहिताना तो प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासालाच महत्त्व देतो. त्यामुळे हा विरोध मला तरी वरवरचा वाटतो. (प्रोटेस्टंट चळवळीचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याला मात्र याकोबाचे पत्र इतके खटकले की, 1522च्या प्रस्तावनेत त्याने त्याला 'पेंढ्याचे', म्हणजे हलक्या मोलाचे, 'पत्र' म्हटले.)

खरा वाद पुढे ख्रिस्ती पंथांमध्ये झाला. नीतिमान ठरणे म्हणजे ख्रिस्तामुळे पापी मनुष्याला निर्दोष घोषित केले जाणे आणि आयुष्यभर चालणारे पवित्रीकरण (जीवन पवित्र होत जाणे) त्याहून वेगळे, अशी प्रोटेस्टंट मांडणी आहे. उलट अंतःकरणाचे नूतनीकरण हाही नीतिमान ठरण्याचाच भाग आहे, असे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने 1547मध्ये ठरवले. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी, आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, असे संयुक्त निवेदन केले. तथापि, नीतिमान ठरलेल्या मनुष्याला त्याच वेळी पापीही म्हणावे काय, याबाबत दोन्ही बाजूंची भाषा त्या निवेदनातही वेगळीच राहिली आहे.