निद्रानाश की जागरण?

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय: नैराश्यावर 'स्लीप डिप्रिव्हेशन', म्हणजे रुग्णाला मुद्दाम रात्री जागं ठेवणं, हा उपचार करतात, त्याला मराठीत 'निद्रानाश उपचार' म्हणावं का? घरच्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगायचंय.

'निद्रानाश उपचार' नको. समासच घात करतो. दमा उपचार म्हणजे दम्यावरचा उपचार, तसा निद्रानाश उपचार म्हणजे झोप यावी म्हणून केलेला इलाज. नेमका उलटा अर्थ! शिवाय निद्रानाश ही तक्रार आहे. अंथरुणात पडून राहायचं आणि डोळ्याला डोळा लागत नाही. नैराश्याच्या पुष्कळ रुग्णांना तो मुळातच असतो. 'तुम्हाला निद्रानाश देणार' असं त्यांना कोण सांगणार?

इथे रात्र ठरवून जागून काढायची असते, कधी पूर्ण, कधी फक्त उत्तररात्र. त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे, जागरण. जागरण माणूस 'करतो', निद्रानाश त्याला 'होतो'. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात तर हा शब्द दोन्ही भाषांत चालतो: मराठी घरात खंडोबाचं जागरण, शेजारच्या कानडी घरात शिवरात्रीची 'जागरणे'. म्हणून 'जागरण-उपचार' म्हणावं. नैराश्याला कन्नडमध्ये 'खिन्नते' म्हणतात, तोही शब्द मराठी कानाला परका नाही.

या शब्दात एक धोका मात्र आहे. जागरण म्हटलं की नवस आठवतो, आणि कुणी घरीच करून बघेल. म्हणून ताई, 'डॉक्टरांच्या देखरेखीखाली' हे शब्द अजिबात गाळू नका. जागरणाने नैराश्य हलकं होतं याकडे जर्मनीत ट्युबिंगेनचे मानसोपचारतज्ज्ञ वाल्टर शुल्टे यांनी लक्ष वेधलं, 1971 मध्ये फ्लूग आणि टोले यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. साधारण निम्म्याहून अधिक रुग्णांना दुसऱ्याच दिवशी हलकं वाटतं, एरवी गोळ्यांना काही आठवडे लागतात. पण नुसतं जागरण केलं तर पुढच्या झोपेनंतर बहुतेकांचं मन पुन्हा खचतं, कधी दुपारच्या डुलकीनेही. ती सुधारणा टिकावी म्हणून लिथियम हे औषध, सकाळचा प्रखर प्रकाश, झोपेची वेळ अलीकडे आणणं यांची जोड देतात. द्विध्रुवी विकार (बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद) असेल तर उन्माद उसळू शकतो, अपस्मार (फिट्स येणं) असेल तर झटका येऊ शकतो.

आणि 'जागरण बाधलं' हा आपला वाक्प्रचार वडीलधारे लगेच काढतील. तेव्हा त्यांना सांगा, बाधू नये म्हणूनच डॉक्टर लागतात.