लाडाचं नाव

प्रश्न : ताई, मुलगा बारावीला आहे. क्लासला जातो सांगून रंकाळ्यावर एकटाच बसतो. फ्रेडी मर्क्युरी नावाच्या रॉक गायकाचं मुलांसाठी लिहिलेलं चरित्र तिसऱ्यांदा वाचतोय. विचारलं तर म्हणतो, "मी पण वेगळाच आहे." तो गायक 'तसा' होता, एड्सनं गेला, असं यांनी मोबाइलवर वाचलं. तेव्हापासून घरात नुसता ताण. आमचा फावड्या (लाडानं म्हणतो सगळे) असा नव्हता हो! हल्ली हसतानाही तोंडावर हात धरतो. धाकटी (नाव वगळलं आहे) किती मोकळी आहे. पुस्तक काढून घेऊ का?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : बाई, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा पहिल्या कंसापाशीच अडकले. लाडानं?

ते पुस्तक तुम्ही उघडूनही पाहिलेलं दिसत नाही. फ्रेडी म्हणजे फारुख बुलसारा, 1946 साली झांझिबारला जन्मलेला पारशी पोरगा. आठेक वर्षांचा असताना आईबापांनी त्याला बोटीनं इकडं शिकायला धाडलं, पाचगणीला. लंडनबिंडन नंतरचं, आधी आपल्या पसरणी घाटाच्या वरचं बोर्डिंग. तोंडात चार दात जास्तीचे, म्हणून पुढचे बाहेर आलेले. शाळेतली पोरं त्याला 'बकी' म्हणायची. मराठीत काय होतं त्याचं, सांगू? फावड्या.

13 जुलै 1985 ला लंडनमधल्या वेम्ब्लीच्या मैदानात 70 हजारांवर माणसं त्याच्यासोबत डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होती. तरी हसताना दात झाकायची सवय काही गेली नाही. दात नीटही करून घेतले नाहीत, आवाज बदलेल या भीतीनं. तुमचा लेक तिसऱ्यांदा वाचतोय ते हे.

त्याचं मन कुणाकडं ओढतं, हे तुम्ही खोदून विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर सांगेल. पण ज्या घरात दातांवरून हसतात, तिथं कोण कशाला तोंड उघडेल?

रविवारची पंगत मला इथं बसून दिसते. तांबडा-पांढरा वाढून झालाय, आणि काका ओरडतायत, "नळी फावड्याला द्या, त्योच फोडंल!" सगळे हसतात. तोही हसतो, तोंडावर हात धरून. (माझ्या आत्यानं मला 'डांबरी' म्हणून ठेवलं होतं. साठी उलटली, अजून फोटोत मी मागच्या रांगेत उभी राहते.)

पुस्तक राहू दे त्याच्यापाशी. येत्या रविवारी ते नाव कुणाच्याही तोंडून निघालं, दीर असोत, सासूबाई असोत की हे असोत, तर हातातली पळी खाली ठेवा आणि सगळ्यांसमोर सांगा, "त्याला नाव आहे." पहिल्यांदा ते तुमच्याच जिभेवर येईल. चावा जीभ.

धाकटीचं नाव तुम्ही लिहिलंत, आम्हीच ते वगळलं. त्याचं वगळावं लागलं नाही. अख्ख्या पत्रात ते कुठंच नव्हतं.